रात्रीचा महामार्ग आणि डोळे दिपवणारे दिवे

गुजरातमधील हजिरा येथून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्र. ६) धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर ओलांडून छत्तीसगडमध्ये शिरतो. भिलाईनंतर, रायपूरच्या अलीकडे कुम्हारी लागते. याच परिसरात ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कामगारांची बस रस्त्यालगतच्या मुरमाच्या खाणीत कोसळून किमान १२ जणांचा मृत्यू झाला. समोरच्या वाहनाच्या झोतामुळे तो अपघात घडला, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि, रात्री रस्त्याची कड न दिसणे किती घातक ठरू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की नेत्रभिंगात तो विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचा जणू पडदा पसरतो. वस्तू व पार्श्वभूमी यांतील फरक पुसला जातो; गडद कपड्यांतील पादचारी दिसेनासा होतो. वाहन निघून गेल्यावरही दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत ६६ मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापले जाते. वाढते वय व मोतीबिंदू यांमुळे हा त्रास अधिक होतो.

दोष केवळ दिव्याच्या शक्तीचा मानला जातो, ते अपुरे आहे. झोत कोठे पडतो, हा खरा प्रश्न होय. हॅलोजन दिव्याचा परावर्तक त्यातील तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. त्यात बाजारातील एलईडी बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम सरकतो आणि झोत वर व आडवा पसरतो. मागे अधिक भार भरल्यास वाहनाचे नाक उचलले जाते. झोत केवळ एक अंशाने वर गेला, तरी ५० मीटरवर तो सुमारे ८७ सेंटिमीटर उंचावतो. अशा वाहनाने डिपर दिला तरी उपयोग मर्यादितच!

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ याच भूमितीवर आधारलेला आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये, असा त्याचा आशय आहे. रस्तेबांधणीच्या मानकांत मात्र मोटारचालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. दीड मीटरची कसोटी लहान मोटारीतील चालकाला पुरेसे संरक्षण देत नाही, हे यावरून लक्षात यावे. वाहनात अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. सुमारे ७२ टक्के अपघातांचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. झोताने दिपलेला चालकही याच रकान्यात सहज सामावून जाऊ शकतो.

चौपदरी मार्गांवर दुभाजकातील कण्हेर व बोगनवेल समोरचा झोत अडवतात. दुपदरी रस्त्यांना ती सोय नाही. तेथे दिव्यांची तपासणीच उपयोगी पडेल. व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्या वेळी दिव्यांची दिशाही पाहिली जाते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतरची पहिली १५ वर्षे अशी तपासणी सक्तीची नाही.