काडी दंडात आहे ना? चाचपून बघा!

रोज आठवणीने गोळी घ्यायची कटकट नाही की कॉपर-टीची धास्ती नाही. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली काडेपेटीतल्या काडीएवढी मऊ सळी बसवायची, की निदान तीन वर्षं निवांत! डेडलाइन आणि लोकल सांभाळणाऱ्या मुलींना इम्प्लांट आवडलं तर नवल काय? भारतात 2023 मध्ये ते सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातही आलं.

मग गडबड होते कुठे? पाळी बिघडणं, डोकं दुखणं हा झाला हार्मोनचा भाग. खरा घोळ होतो तो बसवतानाच्या मिनिटभरात.

ब्रिटनमध्ये 2011 च्या जानेवारीत यावरून मोठा गदारोळ झाला. इम्प्लॅनॉन बसवूनही गरोदर राहिलेल्या सुमारे 600 जणींची नोंद तोवर झाली होती. सगळ्याच केसेस चुकीच्या बसवण्याच्या नव्हत्या. पण काहींमध्ये सळी दंडात गेलीच नव्हती! ती सुईत भरून यायची. कधी आधीच गळून पडायची, कधी सुईतच राहायची. बाई पट्टी बांधून खुशाल घरी. त्यात ही सळी एक्स-रेमध्ये दिसायची नाही. पुढे आलेल्या नेक्सप्लॅनॉनमध्ये म्हणूनच बेरियम सल्फेट घातलं आणि बसवायचं यंत्रही बदललं.

दुसरी भानगड म्हणजे सळी खोल जाणं. बारीक दंडाच्या मुलींनी इथे जास्त सांभाळायला हवं. तिथून जवळच करंगळीकडे जाणारी नस असते. तिला धक्का लागला तर करंगळी-अनामिकेला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. क्वचित सळी रक्तवाहिनीत शिरून थेट फुप्फुसापर्यंत पोचल्याच्याही नोंदी आहेत. घाबरू नका, हे फारच विरळा. पण ‘याचं ट्रेनिंग घेतलंय का?’ असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आपण मोबाइल घेतानासुद्धा दहा प्रश्न विचारतोच की!

बसवून झालं की टेबलावरून उठण्याआधी स्वतःच्या बोटांनी सळी चाचपा. दोन्ही टोकं हाताला लागली पाहिजेत. नाही लागली, तर ती सापडेपर्यंत कंडोम वापरा आणि अंदाजाने दंड कुणालाही कापू देऊ नका. आधी सोनोग्राफी, एक्स-रे. त्यातही पत्ता नाही लागला तर छातीचा एक्स-रे आणि रक्तातल्या हार्मोनची तपासणी करतात. हार्मोन सापडलंच नाही, तर सळी बहुधा आत गेलेलीच नसते.