घाटाचा चढ, पुढं उसाचा ट्रॅक्टर आणि तापलेला गिअरबॉक्स

कडोली : मे महिन्यातला रविवार. कडोली, केदनूर, काकती भागातली चार-पाच कुटुंबं तरी गोव्याहून परतीच्या वाटेवर असतात. साखळी सोडली की चोर्ला घाटाचा चढ लागतो. समुद्रसपाटीलगतच्या गोव्यातून बेळगावच्या साधारण साडेसातशे मीटर उंचीवर यायचं असतं. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि पुढं वळणावर एक लोड ट्रक. गाड्यांची रांग दहा फूट सरकते, थांबते, परत सरकते. अशात गाडीच्या पडद्यावर अक्षरं येतात : गिअरबॉक्स तापला आहे, गाडी थांबवा.

चालक लगेच इंजिनाच्या पाण्याचा काटा बघतो. तो मधोमध असतो. "काटा तर बरोबर हाय की, मग तापलं काय?" हा प्रश्न तिथंच पडतो. उत्तर असं की इंजिन आणि गिअरबॉक्स ही दोन वेगळी यंत्रं आहेत, दोन्ही वेगळ्या कारणानं तापतात आणि बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटाच नसतो.

सीमाभागात ऑटोमॅटिक गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, ऑक्टाव्हिया व्हीआरएस अशा दमदार इंजिनाच्या गाड्या गावाकडं आणतात. काही जण त्याच सेकंडहँड घेतात. वॉरंटी संपलेली असेल आणि गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा आकडा लाखात जाऊ शकतो. म्हणून हा उष्णतेचा हिशोब समजून घेतलेला बरा.

उष्णता येते कुठून?

गिअरबॉक्स उन्हामुळं तापतो असं वाटतं, पण ऊन हे दुय्यम कारण. मुख्य कारण घसरण. इंजिन फिरतंय जोरात, चाकं फिरताहेत हळू किंवा थांबलेली, या दोघांमधला फरक कुठंतरी खपवावा लागतो. तो खपतो घर्षणात, आणि घर्षणाची उष्णता होते.

एक अंदाजी हिशोब बघा. चढावर गाडी रेंगाळताना इंजिन गिअरबॉक्सला ४ किलोवॅट शक्ती देत आहे आणि त्यातली निम्मी घसरणीत जात आहे असं धरलं, तर २ किलोवॅटची उष्णता होते. न्हाणीघरातला साधा गिझर तेवढाच असतो. म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात एक गिझर चालू आहे आणि गाडी हळू असल्यानं समोरून वारा येत नाही. उलट हायवेला ताशी ९० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीत घसरण जवळजवळ शून्य असते आणि वारा भरपूर. म्हणून जोरात पळवलेली गाडी थंड राहते आणि रांगेत सरकणारी तापते.

संकेश्वर-निपाणी पट्ट्यात गाळप हंगामात हाच प्रकार होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलेलं असतं आणि उसाच्या दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर असतात. तवंदी घाटासारख्या चढावर अशा ट्रॅक्टरमागं अडकलेली ऑटोमॅटिक गाडी गिअरबॉक्सच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड काम करत असते.

आपल्या गाडीत कुठला गिअरबॉक्स?

'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली वेगवेगळे प्रकार येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

टॉर्क कन्व्हर्टर : यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल ढकलतो, दुसरा पंखा त्या तेलानं फिरतो. हळू गतीला घसरण तेलात होते, म्हणून तेल तापतं. वेग पकडल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घसरण थांबते. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच प्रकार आहे. रेंगाळणं हा त्यातल्या त्यात चांगलं सोसतो.

ड्राय ड्युअल क्लच : यात दोन कोरडे क्लच असतात. मॅन्युअल गाडीच्या क्लचसारखेच, फक्त दाबायचं काम कॉम्प्युटर करतो. पोलो जीटी टीएसआय आणि व्हर्टस जीटी १.५ मधला सात गिअरचा डीएसजी या जातीचा. रेंगाळताना क्लच सतत अर्धवट पकडलेला राहतो आणि त्याला थंड करायला तेल नसतं. म्हणून हा लवकर तापतो.

वेट ड्युअल क्लच : दोन्ही क्लच तेलात बुडालेले. उष्णता तेल घेऊन जातं आणि कूलरमध्ये सोडतं. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा सहा गिअरचा डीएसजी आणि २०२२ मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझचा डीसीए या प्रकारातले.

एएमटी : हा मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच तेवढा मोटर चालवते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर याचा क्लच जळतो.

एकाच व्हर्टसमध्ये १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ लिटरला ड्राय क्लच डीएसजी मिळतो. त्यामुळं गाडीचं नाव सांगून भागत नाही. माहितीपुस्तिकेत गिअरबॉक्सचा प्रकार बघावा लागतो.

तेलाचं आयुष्य

टॉर्क कन्व्हर्टर आणि वेट क्लचमध्ये तेल हेच रक्त. वंगण तेच, दाब तेच देतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे त्याचं नेहमीचं तापमान. मेकॅनिक लोकांत एक जुना ठोकताळा आहे : ८० अंशांच्या पुढं दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ ला निम्मं, १०२ ला पाव, ११३ ला दोन आणे. आजची सिंथेटिक तेलं यापेक्षा जास्त सोसतात, पण दिशा तीच राहते. फार तापलेल्या तेलाचं आत वार्निशसारखं लुकण बसतं, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या जळायला लागतात.

उष्ण हवा आणि रांगेतली रहदारी यांचा मेळ कंपन्यांनाही जड गेला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालण्याची मोहीम जाहीर केली. उष्ण-दमट हवेत, सतत थांबत-चालत जाणाऱ्या गाड्यांत त्या तेलामुळं गिअरबॉक्सच्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकतो, हे त्यामागचं कारण होतं.

काही कंपन्या तेल 'आयुष्यभराचं' असल्याचं सांगतात. घाट, ऊन आणि पूर्ण भार असा वापर असेल तर त्यावर विसंबू नये. पुस्तिकेत 'कठीण वापर' या सदराखाली वेगळं अंतर दिलेलं असतं. आपल्याकडचा वापर बहुतेक त्यातच बसतो. व्हीआरएसमधल्या सहा गिअरच्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. तेल कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घालावं. पातळी ठरावीक तापमानालाच तपासावी लागते, त्यामुळं हे काम अंदाजानं करणाऱ्याकडं देऊ नये.

चढावर पाय कसा ठेवायचा?

सगळ्यात स्वस्त कूलर म्हणजे चालकाचा उजवा पाय.

चढावर थांबल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. ब्रेक दाबायचा किंवा हँडब्रेक लावायचा. ड्युअल क्लचमध्ये पूर्ण ब्रेक दाबला की क्लच सुटतो आणि घसरण थांबते. ब्रेक अर्धवट दाबून गाडी इंच-इंच सरकवत राहिलं तर क्लच घासतच राहतो.

रांगेत पुढच्या गाडीला चिकटून सरकू नये. थोडं अंतर पडू द्यावं आणि मग एकदम वीस-पंचवीस फूट पुढं जावं. ड्राय क्लचच्या गाडीत पहिल्या गिअरला साधारण ताशी ८-१० किलोमीटरच्या पुढं गेल्यावरच क्लच पूर्ण धरतो. मागचा हॉर्न मारेल, मारू दे की.

घाट चढताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवावा. नाहीतर गिअरबॉक्स वर-खाली करत राहतो आणि प्रत्येक बदलाला थोडी उष्णता वाढते.

थांबा लांबला, म्हणजे एखाद-दुसऱ्या मिनिटाच्या पुढं गेला, तर न्यूट्रल किंवा पार्क. उतारावर मात्र पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायचा नाही. इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

इशारा आलाच तर

गिअर पडायला उशीर, धक्के, जळका वास, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, ही आधीची लक्षणं. पडद्यावर इशारा आला की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यावी, पार्कला टाकावी, एसी बंद करावा. इंजिनाच्या पाण्याचा काटा ठीक असेल तर इंजिन लगेच बंद करू नये. ज्या गिअरबॉक्समध्ये तेल कूलरमधून फिरतं, तिथं इंजिन चालू असेल तरच ते फिरतं. काटा लाल पट्ट्यात असेल किंवा खाली पाणी, तेल गळत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबून इशारा गेला तरच पुढं जावं. तापलेल्या रेडिएटरवर गार पाणी ओतू नये.

वेगळा कूलर बसवावा का?

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल इंजिनाच्याच पाण्यानं थंड होतं. म्हणजे रेडिएटर गुदमरला की दोघंही तापले. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या जाळीत लाल माती, किडे, उसाचा पाला अडकतो. उन्हाळ्याआधी तो साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं काढावा. प्रेशर पंप जवळून मारला तर जाळीच्या नाजूक पट्ट्या वाकतात.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला सतत घाट किंवा ट्रॅकवरचा वापर असेल तर हवेवर थंड होणारा वेगळा कूलर उपयोगी पडतो. मात्र त्यात थर्मोस्टॅट हवा, नाहीतर थंडीत तेल गरमच होत नाही आणि तेही वाईट. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी कंपनीला विचारावं.

ड्राय क्लचच्या गाडीला तेलाचा कूलर बसवून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवावेत. तिथं तापतो तो कोरडा क्लच, आणि त्याच्यापर्यंत तेल जातच नाही.

हीच गोष्ट रिमॅपची. सात गिअरच्या ड्राय डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० देतं. सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढवला की क्लच घसरायला लागतो. शर्यतीचा शौक घाटात क्लच जाळून फेडावा लागतो.

सेकंडहँड घेताना

गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागावं. नुसता सर्व्हिसचा शिक्का पुरेसा नाही. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, निदान अर्धा तास चालवल्यावरच, चढावर रिव्हर्स घेऊन बघावी. थंड गाडी सगळे दोष लपवते. तेलाला जळका वास असेल किंवा रंग दुधाळ गुलाबी झाला असेल, तर सौदा तिथंच थांबवावा. दुधाळ रंग म्हणजे रेडिएटरचं पाणी तेलात मिसळलंय.

यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे. पुढच्या खेपेला चोर्ल्यात रांग लागली तर पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर सोडायचं, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि वाट बघायची. कडोलीला दहा मिनिटं उशिरा पोचलेलं परवडतं, टोचनच्या मागून आलेलं नाही.