फाटकाबाहेरचा कारभार

नागपूरच्या मानकापूर भागातील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे, म्हणजे मध्य प्रांत अस्तित्वात येऊन जेमतेम तीन वर्षे लोटली होती तेव्हाचे. आणि सुमारे ९४० खाटांची ही संस्था, ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथील आपल्या भावंडांप्रमाणेच, दीर्घकाळ रुग्णाचा अखेरचा मुक्काम समजली गेली. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याची दृष्टीच अशी होती की, दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने इसम ताब्यात घ्यावा, त्याचा बंदोबस्त करावा आणि दप्तरी नोंद करून मोकळे व्हावे.

खरा पेच पडतो तो रुग्ण सुधारल्यावर. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारात औषधाने भास ओसरतात, झोप लागू लागते, माणूस आपले नावगाव सांगू लागतो, आणि नेमक्या त्याच घटकेपासून त्याची सेवा खात्याखात्यांत विखुरते: गोळ्या जिल्हा रुग्णालयात, दिव्यांगत्वाचा दाखला वैद्यकीय मंडळाकडे, संजय गांधी निराधार योजनेची दरखास्त तहसील कचेरीत, शिधापत्रिकेवरून उडालेले नाव पुरवठा खात्यात, आणि ज्या घराने त्याच्यावाचून जगण्याची सवय करून घेतली त्या घराचे मन वळवणे, हे तर कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत नाही. हे सारे ज्याच्या शिरावर येते तो समाजसेवा अधीक्षक. अर्धवट सांगितलेल्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता पुष्कळदा मध्य प्रदेशातला वा छत्तीसगडातला, गाव हुडकावे, पोलीस पाटलाकडे चौकशी करावी, जमिनीच्या वाटणीची धास्ती घेतलेल्या भावाची समजूत घालावी, असे हे काम. औषधयोजनेहून ते कमी कौशल्याचे आहे असे मानणाऱ्याने एकदा ते करून पाहावे.

रुग्णालयाची सुधारणा आणि जिल्ह्यातील मानसिक आरोग्यसेवा यांची सांगड घालणारा ‘उडान’ उपक्रम टाटा ट्रस्टने राज्य शासनासह २०१६ साली नागपुरात आरंभिला, तो हीच उणीव ओळखून. २९ मे २०१८ रोजी अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर, कुटुंबाने स्वीकारले नाही वा आसरा नाही एवढ्याच कारणास्तव कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही असे बजावले आणि निवाऱ्याच्या, मधल्या मुक्कामाच्या घरांची तजवीज सरकारवर सोपविली. परंतु घर वस्तीतच हवे, आणि वस्ती तर आपलीच. तेव्हा असे एखादे घर उद्या आपल्या गल्लीत भाड्याने घेतले जाईल, तेव्हा नागपूरकरांनी महापालिकेत हरकतीचा अर्ज गुदरू नये, एवढीच विनंती.