निवृत्तीचा निधी जन्मभर पुरावा कसा?

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर हे गाव आहे. दक्षिणेतील भजनपरंपरेचे एक प्रवर्तक सद्गुरू स्वामी यांच्या मठामुळे ते ओळखले जाते. अशा गावात २०२४ मध्ये तीन सरकारी कर्मचारी साठाव्या वर्षी एकाच दिवशी निवृत्त झाले, असे समजू. पहिला राज्य शासनाचा शिक्षक, २००२ मध्ये रुजू झालेला. दुसराही शिक्षकच, परंतु २००४ मध्ये नेमलेला. तिसरा टपाल खात्यातील नियमित कर्मचारी. त्याची नेमणूकही २००४ मधील. तिघांचे वेतन जवळपास सारखे. तरी निवृत्तीच्या दिवशी हाती आले ते तीन वेगळ्या स्वरूपाचे.

पहिल्याला जुने निवृत्तिवेतन लागू झाले. त्यात वेतनाशी निगडित मासिक रक्कम आयुष्यभर मिळते, महागाईनुसार तीत वाढ होते आणि पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्याला हा लाभ नाही. कारण १ एप्रिल २००३ पासून नेमलेल्यांसाठी तामिळनाडूने अंशदायी योजना आणली. कर्मचाऱ्याचे १० टक्के, शासनाचे तेवढेच अंशदान आणि त्यावरील व्याज अशी ती रचना होती. मात्र ही योजना निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाच्या व्यवस्थेत गेली नाही. परिणामी सेवेतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती एकरकमी पैसा येई. मासिक निवृत्तिवेतनाची सोय त्यात नव्हती. तिसरा कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत मोडतो. १ जानेवारी २००४ पासून सशस्त्र दले वगळता केंद्राच्या सेवेत आलेल्यांना ती लागू झाली. केंद्राचे अंशदान १ एप्रिल २०१९ पासून १० वरून १४ टक्के करण्यात आले.

निवृत्तिबचतीचे दोन टप्पे असतात : संचयाचा आणि विनियोगाचा. अंशदान किती आणि परतावा किती, याविषयी सार्वजनिक चर्चा पुष्कळ होते. परंतु खरी कसोटी दुसऱ्या टप्प्यात लागते. वेतन बंद झालेले असते, चूक झाल्यास ती भरून काढण्यास वर्षे उरलेली नसतात, आणि आपण किती काळ जगणार हे कोणालाही ठाऊक नसते. अर्थशास्त्रात याला दीर्घायुष्याची जोखीम म्हणतात. हजारो निवृत्तांची जोखीम एकत्र केली की सरासरी आयुर्मानाचा अंदाज बांधता येतो. एकट्या माणसाला तसे करता येत नाही. निवृत्तिवेतनाची आणि विम्याची मूळ उपयुक्तता इथेच आहे.

म्हणूनच राष्ट्रीय प्रणालीत सरकारी कर्मचाऱ्याला संपूर्ण रक्कम उचलू दिली जात नाही. लहान निधीचा अपवाद सोडल्यास निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम मिळते आणि ती करमुक्त असते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजेच ॲन्युइटी, घ्यावी लागते. टपाल कर्मचाऱ्याचा निधी ४० लाख रुपये आहे असे मानल्यास २४ लाख हातात येतील व १६ लाखांची वार्षिकी होईल. दर ६ टक्के गृहीत धरला तर दरमहा ८,००० रुपये. आता महागाई वर्षाला ५ टक्के राहिली, तर वीस वर्षांनी या ८,००० रुपयांची क्रयशक्ती आजच्या सुमारे ३,००० रुपयांएवढीच उरेल. पहिल्या शिक्षकाला महागाई भत्ता वाढतो. इथे रक्कम रुपयांत स्थिर राहते. दीर्घायुष्याची जोखीम कंपनीने उचलली, महागाईची मात्र निवृत्ताच्याच डोक्यावर राहिली. परीक्षार्थींनी निश्चित लाभ व निश्चित अंशदान यांतील फरक व्याख्येपेक्षा या गणितातून समजून घेणे अधिक उपयोगी ठरेल.

एकरकमी भागाचे व्यवस्थापन हा वेगळाच प्रश्न. कुंभकोणमला बँकेची जुनी ओळख आहे. आजची सिटी युनियन बँक १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ म्हणून तिथेच स्थापन झाली. बँकेतील मुदत ठेव निवृत्तांना जवळची वाटते, पण ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत प्रति ठेवीदार ५ लाख रुपये आहे (फेब्रुवारी २०२० पूर्वी ती अवघी १ लाख होती). ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला शासनाची हमी आहे. तिची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख करण्यात आली. मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला. तीत व्याजदर मुदतीपुरता निश्चित राहतो, मात्र मुदत संपताच त्या वेळी मिळेल तो दर स्वीकारावा लागतो. शिवाय व्याज करपात्र असते. मुलांचे लग्न वा घरबांधणी यांत पहिल्याच वर्षी मोठी रक्कम खर्ची पडते, हेही घरोघरचे वास्तव आहे. दुसऱ्या शिक्षकाला हा धोका सर्वाधिक.

निवृत्तीपूर्वी नोकरी सोडणाऱ्याचे चित्र मात्र काहीसे उलटे आहे. जुन्या नियमांत राजीनामा दिल्यास मागील सेवा जप्त होते व निवृत्तिवेतनाचा हक्क जातो. परवानगी घेऊन दुसरे सरकारी पद स्वीकारण्यासाठी दिलेला राजीनामा हा अपवाद. राष्ट्रीय प्रणालीत खाते कर्मचाऱ्याच्याच नावे राहते आणि कायम खाते क्रमांकासह नव्या नोकरीतही चालू ठेवता येते. तेथूनच बाहेर पडावयाचे ठरविल्यास मात्र २० टक्केच रोख मिळून ८० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. पस्तिशीतच नोकरी सोडणाऱ्याने घाईने बाहेर पडण्याऐवजी खाते चालू ठेवणे सामान्यतः हिताचे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना अंशदायी योजना लागू झाली. पुढे ती राष्ट्रीय प्रणालीत विलीन केली गेली. मार्च २०२३ च्या कर्मचारी संपानंतर सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय देण्यात आला, १ मार्च २०२४ पासून. केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ रोजी अमलात आली. तीत २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आश्वासित असून महागाईनुसार वाढही आहे. तामिळनाडूनेही जानेवारी २०२६ मध्ये आश्वासित निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. अंशदान कायम ठेवून महागाईची जोखीम पुन्हा शासनाने घ्यावी, असा या सर्वांचा रोख आहे. केंद्राच्या योजनेत एक अट लक्षात घेण्याजोगी : राजीनामा देणाऱ्याला आश्वासित रक्कम मिळत नाही, आणि २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती नियत वयोमानाच्या तारखेपासूनच सुरू होते. मधली वर्षे त्याने स्वतःच्या बचतीवर काढावयाची असतात.