भाग २३ : नोकरी सांभाळून कथा लिहायची सवय कशी लागते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं : नोकरी करून कथा लिहायची तर सुरुवात कुठून करायची? आधीच सांगतो, मी कुणी मोठा लेखक नाही. दिवसा बॅकएंडचा कोड लिहितो, सकाळी कथा. आतापर्यंत तीन कथा पूर्ण झाल्या, त्यातली एक एका दिवाळी अंकात आली. पण त्याआधीची दोन वर्षं मी भरपूर चुका केल्या. आज त्याच सांगतो, कदाचित तुमची दोन वर्षं वाचतील.

पहिली चूक : मूडची वाट बघणं

माझ्या लॅपटॉपवर 'कथा' नावाचं एक फोल्डर होतं. त्यात एकतीस फाइल्स, आणि एकही पूर्ण नाही. शनिवारी रात्री जोरात सुरुवात करायची, दोन पानं लिहायची, की पुढचा शनिवार रिलीजमध्ये जायचा. महिन्याभराने फाइल उघडली की ती दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटायची.

अँथनी ट्रोलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार होता. तो टपाल खात्यात नोकरीला होता, ३३ वर्षं. नोकरी सांभाळून लिहायचा. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्र आलं. त्यात त्याने आपली पद्धत लिहून ठेवलीय. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. अशा हिशेबाने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

आता, २५० शब्दांचा वेग आपल्याला झेपणार नाही. मलाही झेपत नाही. पण त्यातली एक गोष्ट मी उचलली. पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा. मी दहा मिनिटं वाचतो आणि मग पस्तीस मिनिटं लिहितो. सकाळी सव्वासहा ते सात, फोन दुसऱ्या खोलीत. कधी दीडशे शब्द होतात, कधी चाळीस. पण रोज तीच फाइल उघडली की ती परकी वाटत नाही.

दुसरी युक्ती हेमिंग्वेची. पुढे काय होणार हे माहीत असतानाच तो त्या दिवसापुरतं थांबायचा. मीही थांबताना खाली एक ओळ टाकून ठेवतो : "उद्या : तो डेपोत पोचतो." सकाळी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

वेळेचं एवढं पुरे. हे सगळं दोन-तीन महिन्यांत जमतं. खरी अडचण पुढे आहे.

दुसरी चूक : सगळी पात्रं माझ्यासारखी बोलायची

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्यावर एक कथा लिहिली. कंडक्टरचा शेवटचा दिवस. शेवटची ट्रिप, रिकामी गाडी, डोळ्यांत पाणी, आणि तो ड्रायव्हरला म्हणतो की आयुष्य हाही एक प्रवासच आहे, प्रत्येक जण आपापल्या थांब्यावर उतरतो. लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होतो.

प्रिंट काढून आण्णांना दिली. चष्मा लावून त्यांनी सातही पानं वाचली. मग विचारलं, "मी असं बोलतो का रे?"

मी गप्प.

"आणि शेवटच्या दिवशी रडायला वेळ कुठला? कॅश भरताना सात रुपये कमी येत होते. तीनदा मोजले."

एवढं बोलून ते पाणी तापवायला गेले.

मला ते सात रुपये माहीतच नव्हते, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदाच बोलतोय. कॉलेजच्या होस्टेलवर कुणी "वडील काय करतात?" असं विचारलं, की मी "सरकारी नोकरीत" म्हणून विषय बदलायचो. चार वर्षं. आता त्याच माणसाला मी कथेत बिचारा करून टाकलं होतं. आधी लाज वाटत होती म्हणून त्यांच्याकडे बघितलं नाही. नंतर दया दाखवायची होती, तेव्हाही बघितलं नाहीच.

म्हणून माझ्या मते कथा लिहिणाऱ्याची मुख्य सवय ऐकण्याची. लिहिणं त्याच्या नंतर येतं.

मी एक छोटी वही ठेवली, खिशात मावेल अशी. त्यात विचार लिहायचे नाहीत हा नियम. फक्त ऐकलेली वाक्यं आणि बघितलेल्या गोष्टी, जशाच्या तशा. घरी गेलो की आण्णांना विचारायला लागलो. "कसं वाटायचं?" असं विचारलं की ते "काय वाटायचंय?" म्हणून उडवून लावायचे. मग मी प्रश्न बदलला : "मुक्कामाच्या गाडीला झोपायचा कुठं?" मग मात्र अर्धा तास बोलले. गाडीत कुठल्या सीटवर, पैशाची बॅग कुठे, पहाटे तोंड धुवायला पाणी कुणाच्या घरून. माणसाला भावना विचारू नका, काम विचारा. भावना त्यातून आपोआप येतात.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' (१९४९) या नजरेने पुन्हा वाचा. माणसं काय करतात, कशी बोलतात, याकडे लक्ष ठेवून वाचा.

तिसरी चूक : लिहितानाच दुरुस्त करणं

कोड लिहिताना आपण आधी तो चालवून बघतो, मग नीटनेटका करतो. कथेत मात्र मी पहिल्याच वाक्याला पॉलिश करत बसायचो. आता पहिला खर्डा वाईट असू देतो. तो पूर्ण झाला की पंधरा दिवस बंद ठेवतो. मग मोठ्याने वाचतो. जिथे जीभ अडते किंवा स्वतःचीच लाज वाटते तिथे खूण करतो.

आणि वाचायला अशा कुणाला तरी द्या, ज्याला तुमची भीड नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. नावाकडे बघून कौतुक नको, कथेकडे बघून निकाल हवा, एवढाच मुद्दा.

मी कंडक्टरची कथा पुन्हा लिहिली. प्रवासाचं भाषण गेलं, अश्रू गेले. आता तो डेपोत पैसे मोजतोय. कॅशियर म्हणतो, "राहू द्या हो सात रुपये, शेवटचा दिवस तुमचा." तो म्हणतो, "राहू कसे देता? उद्या कुणाला मागणार?" आणि खिशातून काढून देतो. दिवाळी अंकात आलेली ती हीच कथा.

आण्णांनी तीही वाचली. म्हणाले, "घाटाच्या आधी तिकिटं पुरी करायची असतात. तू घाटात करायला लावलीस." पुढच्या वेळी दुरुस्त करीन म्हटलं.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या एका माणसाला त्याच्या कामाबद्दल पाच प्रश्न विचारा. "कसं वाटलं?" हा प्रश्न बाद. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून काढा, सुधारू नका. कथा नंतर बघू.

पुढच्या भागात संवाद कसे लिहायचे त्यावर बोलू. तोवर, भेटूच!