प्लॅस्टिक, कृष्णा आणि माशांची अंडी

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली इथं कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे असे एकदम मरतात आणि ते सगळ्यांना दिसतं. आम्हाला बोलायचंय ते न दिसणाऱ्या नुकसानीबद्दल. मासा जिवंत असतो, पोहत असतो, पण त्याची वीण घटत जाते.

महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली करत खाली जाते. वाटेत गावोगावची गटारं तिला मिळतात. पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींना लटकलेलं प्लॅस्टिक आपण पाहतोच. रेक्झीन, रेनकोट, मऊ नळ्या यांना लवचिकपणा यावा म्हणून थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती प्लॅस्टिकला पक्की जोडलेली नसतात, हळूहळू पाझरत राहतात. टणक पारदर्शक प्लॅस्टिकसाठी बिस्फेनॉल-ए वापरतात. ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे 1936 सालीच माहीत झालं होतं!

अंड्यातल्या बलकासाठी लागणारं प्रथिन मादी माशाच्या यकृतात तयार होतं. नराला त्याचं काम नाही. पण पाण्यात अशी रसायनं मिसळली की नराचं यकृतही फसतं आणि ते प्रथिन बनवू लागतं. प्रयोगांत अशा नरांचे शुक्राणू घटलेले दिसले आहेत. कॅनडात 2001 ते 2003 अशी तीन वर्षं एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक अगदी अत्यल्प प्रमाणात सोडलं, तर तिथली लहान माशांची एक जात जवळजवळ संपली. प्लॅस्टिकमधली रसायनं त्या गोळीपेक्षा पुष्कळ सौम्य, हे खरं. पण ती एकेकटी येत नाहीत आणि रोज येतात.

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात अंडी घालतात. नाले भरभरून नदीत येतात तेही तेव्हाच. जाळ्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांना याचा फटका कुणी सांगायला नको.

लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए नको, असं युरोपनं 2011 मध्ये ठरवलं, आपल्याकडच्या मानकांत ते 2015 मध्ये आलं. मोठ्यांच्या डब्यांचं काय? उष्णता आणि तेल मिळालं की ही रसायनं लवकर सुटतात. म्हणून दावतीचं गरम सालन शेजारी पाठवताना स्टीलचा डबा काढावा, तो परत मागायला संकोच वाटला तरी.