हिरवा, हिरवट आणि हरित

जपानमध्ये वाहनांना वाट मोकळी करून देणाऱ्या सिग्नलला ‘आओ’ म्हणतात, म्हणजे निळा. दिवा मात्र आपल्याकडच्यासारखाच हिरवा. जुन्या जपानीत ‘आओ’ या एकाच शब्दात आकाशही मावे आणि पालेभाजीही. ‘मिदोरी’ या शब्दाचा रोख आधी कोवळ्या फुटव्याकडे होता, हिरव्या रंगाचे नाव म्हणून तो पुढे रुळला. एवढ्यावरून त्या लोकांना हिरवा-निळा भेद दिसतच नव्हता, असे मानण्याचा मोह होतो. १८५८ साली ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टनने होमरच्या काव्यात निळ्या रंगाचा शब्द मिळेना म्हणून प्राचीन ग्रीकांच्या रंगदृष्टीवरच शंका घेतली होती. हा तर्क मराठीवर लावून पाहिला की लंगडा पडतो. पहाटे तांबडं फुटतं, लाल फुटत नाही. कोल्हापुरात रस्सा तांबडा आणि एसटी मात्र लाल परी. म्हणून मराठी माणसाचा डोळा इंग्रजाच्या डोळ्याहून वेगळा ठरत नाही. रंगांचे शब्द छटा मोजून पाडलेले नसतात, ते कामे वाटून घेतात, एवढेच यातून दिसते.

ही वाटणी प्रत्येक समाज आपल्या रीतीने करतो. भीतीने जपानी चेहरा ‘मास्साओ’, शब्दशः निळाशार होतो. मराठी चेहरा पांढराफटक पडतो. ‘आओ’ला कच्चेपणाची छटा आहे, अननुभवी पोराला तो शब्द लागतो. आपल्याकडे हिरवा चुडा नवरीचा, हिरवे लुगडे डोहाळजेवणाचे, आणि ‘हिरवट’ म्हातारा मात्र भलताच! हाच रंग झेंड्यावर चढला की धर्माची आठवण येते.

म्हणूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली वसईत जी चळवळ उभी राहिली, तिच्या समितीच्या नावात ‘हरित वसई’ आले याला मी योगायोग मानत नाही. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि त्यांवर चालून येणाऱ्या इमारती हा सगळा मामला त्या एका शब्दात बसला. ‘हिरवी वसई’त बसला नसता. कोणी म्हणेल, हा नुसता संस्कृतचा सोस. सोस आहेच. पण हरितक्रांतीत हाच शब्द संकरित बियाणे आणि खतांची पोती घेऊन आला होता, वसईत तो वाडी राखायला उभा राहिला. सोसाने एवढा पालट होत नसतो. जपाननेही १९८९ साली निसर्गासाठी सुट्टी जाहीर केली तेव्हा तिला ‘मिदोरी’चा दिवस म्हटले, ‘आओ’चा नव्हे. विकास आराखड्यात मात्र वाड्यांचा हाच पट्टा ‘ग्रीन झोन’ होतो. तिथे या रंगाबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: चटई क्षेत्र किती मिळणार?